पंचविसावा वाफा

चर्र.

अंधाऱ्या घरात तेवढा एकच आवाज झाला आणि पुन्हा सगळं निवांत झालं. स्नेहानं डोळे न उघडताच ओळखलं, सासूबाईंनी बुटाचा पट्टा ओढला. मालनबाईंना नाडीचे बूट कधी जमले नाहीत. "जलमभर दोऱ्याला गाठी मारल्या, आता पायाला कशाला," असं म्हणून त्यांनी दुकानात लहान पोरांसारखे चिकटपट्टीचे बूट मागितले होते. दुकानदार हसला होता, मग त्याही हसल्या होत्या.

स्नेहा दुसऱ्या आवाजाची वाट बघत पडून राहिली. पाच वर्षांची पिंकी तिच्या पोटात पाय खुपसून झोपलेली. रोज पहाटे पाचला आधी डावा बूट, मग उजवा, मग दाराची कडी. आज दुसरा आवाज आलाच नाही.

ती उठून बाहेर आली, तर मालनबाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. एका पायात बूट, दुसरा बूट मांडीवर, मांजराचं पिल्लू धरावं तसा धरलेला. खिडकीबाहेर इंदिरानगरचे दिवे धुक्यात विरघळत होते.

"आई, जात नाही का?"

"जाते की," त्या म्हणाल्या. मग मांडीवरचा बूट खाली ठेवत, "नाय. आज ऱ्हाऊ दे."

हा चौथा दिवस. गेल्या रविवारी मालनबाईंनी दहा हजार मीटरच्या शर्यतीत सत्तरीपुढच्या बायकांचा राज्याचा विक्रम मोडला होता. सोसायटीच्या फलकावर खडूनं त्यांचं नाव लिहिलं गेलं, खालच्या वाण्यानं पेढ्यांचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून त्या धावायलाच गेल्या नव्हत्या.

"दमली असेल गं," ज्ञानेश म्हणाला होता. तो एकलहऱ्याला वीज केंद्रात. रात्रपाळी करून आला की त्याला सगळं जग दमलेलंच दिसायचं.

स्नेहाला मात्र वाटत होतं, आईंना कळलंय. जे तिनं चार दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांना आपोआप कळलंय. त्या विक्रमात एक फेरी कमी होती. आणि ती फेरी स्नेहानं हरवली होती.

*

मालनबाई धावायला लागल्या बासष्टाव्या वर्षी. त्याआधी चाळीस वर्षं त्या मखमलाबादच्या बाजूला फुलं पिकवत होत्या. मग तिथून रस्ता गेला, रस्त्यामागून बारा मजली इमारती आल्या, आणि मालनबाई मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्या. इथे त्यांना पहाटे जाग यायची आणि करायला काही नसायचं. फुलं तोडायची वेळ व्हायची, पण फुलं नसायची. म्हणून त्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जाऊ लागल्या. मग थोडं भरभर. मग एक दिवस, त्यांच्याच शब्दांत, "पाय आपसूक उचलले."

तिथेच मल्हारी सरांनी त्यांना हेरलं. सर शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, आता ज्येष्ठांच्या स्पर्धा भरवायचे. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात प्रत्येक वयोगटाचं एकेक पान. सत्तरीपुढच्या बायकांच्या पानावर सहा नावं होती. पहिलं नाव एका निवृत्त पोस्ट खात्यातल्या बाईंचं, एक तास अडतीस मिनिटं. त्यानंतर दर दोन-चार वर्षांनी एकेक नाव, आणि दर नावागणिक वेळ कमी कमी होत गेलेली. जणू या बायका एकमेकींना न भेटता एकच लांब शर्यत धावत होत्या आणि एक दमली की पुढची तिच्या हातून काहीतरी घेऊन निघत होती. सहावं नाव साताऱ्याच्या सुवर्णाबाईंचं. परिचारिका होत्या. एक तास बारा मिनिटं वीस सेकंद.

"ह्याच्याखाली एक ओळ रिकामी आहे, मावशी," सर म्हणाले होते.

मालनबाई त्या रिकाम्या ओळीकडे खूप वेळ बघत राहिल्या. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझं नाव कुठं लिवलेलं हाय गं स्नेहा? रेशनकार्डावर, आन मतदानाच्या यादीत. तिथं बी कुनाची तरी बायको म्हनूनच."

तेव्हापासून स्नेहानं मनावर घेतलं. दोन वर्षं ती रविवारी स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला बसली. पंचवीस फेऱ्या, मालनबाईंची एक फेरी दोन मिनिटं पंचावन्न सेकंदांची. घड्याळात बसवल्यासारखी. पंचवीस फेऱ्यांना एक तास बारा मिनिटं पंचावन्न सेकंद. विक्रमाला पस्तीस सेकंद कमी पडायचे. ते पस्तीस सेकंद कशानं हलत नव्हते. नाचणीनं नाही, खजुरानं नाही, सरांच्या ओरडण्यानं तर नाहीच.

"तुम्ही मनात काय मोजता आई, धावताना?" एकदा स्नेहानं विचारलं होतं.

"मी कुठं मोजते," मालनबाई लाजल्या. "मी वावरात जाते."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वावरात पंचवीस वाफे होते. बांधावरून उतरलं की पहिले आठ झेंडूचे. मग बिजलीचे पाच. मग अ‍ॅस्टर, जांभळं आणि पांढरं. मग निशिगंध, तिथं पाय जपून टाकायचा, कारण पाटाचं पाणी फुटायचं. मग शेवंती. आणि सगळ्यात शेवटी, विहिरीच्या अंगाला, लिलीचा एकच वाफा. एका फेरीला एक वाफा. त्या धावायच्या मैदानावर, पण नाकात ओल्या पानांचा वास असायचा. लिलीत पोचलं की समजायचं, ही शेवटची. तिथं पहाटेचं विहिरीवरचं धुकं असायचं आणि पाय हलके व्हायचे.

"म्हंजे धावायचं कुठं असतं मला," त्या म्हणाल्या, "फुलं तोडायची असत्यात."

*

शर्यतीच्या दिवशी माणसं कमी पडली. नियम असा की घरच्यानं घरच्याच्या फेऱ्या मोजायच्या नाहीत. पण मोजणारे दोघं लग्नसराईत अडकले आणि मल्हारी सर कागद घेऊन स्नेहासमोर उभे राहिले.

"ताई, तुम्हीच मोजा. सून आहात, म्हणजे सासूला एकही फेरी फुकट देणार नाही, याची खात्री आहे."

आजूबाजूच्या बायका हसल्या. स्नेहाही हसली. कागदावर एक ते पंचवीस आकडे, समोरून मालनबाई गेल्या की एक आकडा खोडायचा. चोवीस खोडले की शेवटच्या फेरीची घंटा. इतकं सोपं.

जानेवारीचं कोवळं ऊन होतं. मातीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा, आणि त्या रेषांमधून अकरा म्हाताऱ्या बायका धावत होत्या. कोणी टोपी घातलेली, कोणी ओढणी कमरेला खोचलेली. मालनबाईंच्या अंगात ज्ञानेशचा कामावर मिळालेला जुना टी-शर्ट. पावलांचा आवाज यायचा, जवळ यायचा, लांब जायचा. दहाव्या-बाराव्या फेरीनंतर सगळं स्वप्नात चालल्यासारखं झालं. पिंकी आदल्या रात्री तापानं कण्हत होती, स्नेहा नीट झोपली नव्हती. डोळे उघडे होते, पण समोरची माती मधेच हिरवी दिसायला लागायची.

सतरावी फेरी तिनं खोडली, हे तिला पक्कं आठवत होतं. खोडली, आणि पिंकीनं ओढणी खेचली.

"मम्मी, शू."

"थांब ना बाळा थोडं."

"आली आली आली."

शेजारी मोजत बसलेल्या बाईला कागद द्यावा, तर तिचे डोळे तिच्या धावणारीवर. स्नेहा पिंकीला उचलून मैदानामागच्या संडासाकडे पळाली. आत कोणीतरी होतं. मग पिंकीच्या लेंग्याची गाठ सुटेना. मग बादलीत पाणी नव्हतं. मग पिंकीला तिथे एक गोगलगाय दिसली. वेळ बघावी, तर मोबाइल पिंकीनं कार्टून बघून बघून केव्हाच बंद पाडलेला.

परत आली तेव्हा मालनबाई मैदानाच्या पलीकडच्या वळणावर, कडुनिंबाखाली होत्या. कागदावर सतरा खोडलेले. इतका वेळ झाला, म्हणजे आई एकदा समोरून गेल्याच असणार. गेल्याच. तिनं अठरा खोडला. त्या समोरून आल्यावर एकोणीस.

लहान मुलाबरोबर असताना वेळ कसा लांबतो, हे आईलाच कळतं. दीड मिनिट झालं होतं की साडेचार, कोण सांगणार. स्नेहाला तेव्हा अर्धा तास झाल्यासारखं वाटत होतं.

चोवीस खोडले, घंटा वाजली. मालनबाईंनी घंटेकडे जराशा गोंधळून बघितलं, आणि मग धावल्या. एक तास दहा मिनिटं पाच सेकंद. मल्हारी सरांनी घड्याळ तीनदा बघितलं.

सुवर्णाबाई कडेला छत्रीखाली बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, आता काठीशिवाय चालवत नाही. या बायकांचा एक रिवाज होता: जिचा विक्रम मोडतो तिनं मोडणारीच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. सुवर्णाबाई काठी टेकत आल्या, पिशवीतून कागदाची पुडी काढली.

"सात वर्षं पिशवीत घेऊन फिरते आहे," त्या म्हणाल्या. "दर वेळी मुंग्या लागतात. बरं झालं बाई, सोडवलंस."

मालनबाईंनी आ केला. लहान मुलीसारखा.

*

त्याच संध्याकाळी, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या असताना मालनबाई सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"घंटा वाजली तवा मी शेवंतीत शिरत होते. शेवंतीचाच शेवटला वाफा होता. लिलीत गेलेच नाय." आणि मग घाईघाईनं, "माझंच कायतरी चुकलं आसंल. तू मोजलंस म्हंजे बरोबरच."

स्नेहाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पिंकीला झोपवून तिनं वाण्याच्या बिलामागे हिशेब केला. दोन मिनिटं पंचावन्न सेकंद गुणिले चोवीस. उत्तर आलं एक तास दहा मिनिटं. वरती फक्त पाच सेकंद. ती त्या आकड्याकडे बघत बसली. मालनबाई नेहमीसारख्याच धावल्या होत्या. घड्याळात बसवल्यासारख्या. फक्त चोवीस वेळा.

त्यानंतरचे तीन दिवस घरात विचित्र होते. मालनबाई पोळ्या करून झाल्यावर गॅसपाशी परत जायच्या, बटण चाचपायच्या. "मी मीठ घातलं का गं?" असं दोनदा विचारायच्या. एकदा पिंकीला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुजं खरं नाव काय गं, शाळेतलं?" पिंकी म्हणाली, "आजी, तूच तर ठेवलंयस." मालनबाई हसल्या, पण उशिरा हसल्या. स्नेहाला यातलं प्रत्येक वाक्य आपल्याला उद्देशून वाटत होतं. आई बोलत नाहीत, पण दाखवतायत.

आणि चौथ्या दिवशी, एका पायात बूट घालून मालनबाई बसल्या त्याच दिवशी, सरांचा फोन आला. विक्रमाचा अर्ज पुढे पाठवायचा आहे. सगळं भरलंय, फक्त फेऱ्या मोजणाऱ्याची सही. पाच वाजता येतो.

"मग कर ना सही," ज्ञानेश म्हणाला. तो नुकता उठून चहा घेत होता. तिनं त्याला आत्ताच सगळं सांगितलं होतं, दार लोटून, हळू आवाजात. "तुला तरी कुठं खात्री आहे? अंदाजच ना? त्या दिवशी जास्त पळालीही असेल."

"नाही रे. पाच सेकंदांचा फरक."

"स्नेहा, मी आईला आयुष्यात असा फोटो काढून घेताना बघितलं नाही. विक्रमाच्या वेळेची पाटी हातात धरून. तूच बघ." तो कपाकडे बघत राहिला. "मी काही म्हणत नाही. पण सांगणार असशील तर मी घरात नको."

आणि तो खरंच दळण घेऊन बाहेर गेला.

*

दुपारी मालनबाई गॅलरीत गजरे करत बसल्या होत्या. वावर गेलं तरी बोटं थांबली नव्हती. पंचवटीच्या बाजारातून शेजारीण कळ्या आणायची, मालनबाई सोसायटीतल्या बायकांना गजरे करून द्यायच्या. स्नेहा समोर जाऊन बसली. टोपलीतली एक कळी घेतली, ठेवली, परत घेतली.

"आई, मला त्या कागदावर सही नाही करता येणार."

मालनबाईंचा दोरा चालत राहिला.

"सतराव्या फेरीनंतर पिंकीला घेऊन गेले होते मी. परत आले तर तुम्ही पलीकडे होतात. मला वाटलं तुम्ही एकदा येऊन गेलात. न बघताच खोडली मी एक फेरी. तुम्ही चोवीसच धावलात आई. पंचविसावी मी धावूच दिली नाही तुम्हाला."

दोरा थांबला. खाली कुठेतरी कोणी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मंग मी लिलीत गेलेच नव्हते," मालनबाई म्हणाल्या.

"नाही."

"म्हंजे शेवंतीचा शेवटला वाफा, तो बरोबर होता."

"बरोबर होता आई."

मालनबाईंनी डोळे मिटून घेतले. स्नेहाला वाटलं आता त्या रडणार, किंवा उठून आत जाणार आणि महिनाभर बोलणार नाहीत. पण त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरत गेलं, डोक्यावरची पाटी कोणी हात लावून उतरवून घ्यावी तसं.

"अक्काबाईला तू नाय बघितलं," त्या म्हणाल्या. "माझी थोरली बहीन. तुझ्या लग्नाच्या आधीच गेली. तिचं आसंच सुरू झालं होतं. आधी वाफे विसरली. बिजलीच्या जागी झेंडू म्हनायची. आमी हसायचो. मंग गॅस. मंग पोरांची नावं. शेवटाला मला म्हनायची, बाई, तू कुनाची गं?" त्यांनी कळी नखानं खुडली. "चार दिस झाले. बूट घालते आन भेव वाटतं. धावाया लागले, आन आज बी लिली सापडली नाय तर?"

चार दिवस दोघी एकाच घरात, एकाच फेरीभोवती, वेगवेगळ्या भीतीनं फिरत होत्या.

"तुम्ही विचारायचंत तरी मला."

"काय इचारू? सूनबाई, मी खुळी व्हाया लागले का, आसं?"

"आणि मला वाटत होतं, तुम्ही मला टोमणे मारताय."

"टोमने मला मारता येत न्हाईत व्हय? कळले आसते तुला." मालनबाई आता खरंच हसत होत्या, पदरानं डोळे पुसत. "सासूचं रेकॉर्ड सुनेनं मुतारीत घालवलं. बाया म्हनतील आता वर्षभर."

मग हसणं आपोआप विरलं. त्यांनी गजरा हातात धरून कुठे तरी लांब बघितलं.

"सुवर्णाबाईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिला मीच सांगते. लोकाच्या तोंडून नको. गूळ तर खाल्ला मी तिचा." आणि अगदी बारीक आवाजात, "नाव मात्र छान दिसलं आसतं गं त्या ओळीत."

स्नेहानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पाचला मल्हारी सर आले. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ताई, मलाही कधी कळलं नसतं," ते म्हणाले. तक्रारीनं नाही, नुसतं. अर्ज घडी घालून खिशात ठेवला. वहीत ओळ रिकामीच होती. त्यांनी अजून पेनानं लिहिलंच नव्हतं. मालनबाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, पुढची शर्यत कधी.

"पुढच्या जानेवारीत, मावशी."

"तवा एकाहत्तर पुरी."

सरांनी मान हलवली. पस्तीस सेकंद तिथेच होते, आणि एका वर्षानं ते पस्तीसच राहतील असं कोणी सांगू शकत नव्हतं. मालनबाईंनी ते सरांच्या चेहऱ्यावर वाचलं आणि रिकामा कप उचलून आत नेला.

*

रविवारी पहाटे तिघी जॉगिंग ट्रॅकवर गेल्या. स्टॉपवॉच मालनबाईंनी घरीच ठेवायला लावलं. "आज मला फकस्त बघून यायचंय," त्या म्हणाल्या.

धुकं इतकं दाट होतं की दिव्यांचे खांब अर्धेच दिसत होते. स्नेहा बाकावर बसली, पिंकीला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मालनबाई निघाल्या. दहा-वीस पावलांत पाठ फिकट झाली, मग टी-शर्टचा निळा रंग, मग काहीच नाही. नुसता पावलांचा आवाज. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं तो परत येऊ लागला आणि धुक्यातून आधी कपाळ, मग चेहरा, मग त्या पूर्ण आल्या. डोळे अर्धे मिटलेले. ओठ काहीतरी पुटपुटत होते.

"आजी कुठं आहे आत्ता?" पिंकीनं विचारलं.

"झेंडूत."

"आणि आता?"

"अजून झेंडूतच. आठ असतात झेंडूचे."

स्नेहा मोजत गेली. बोटांवर, मग पिंकीच्या बोटांवर. बिजली. अ‍ॅस्टर. निशिगंधापाशी मालनबाईंनी पाऊल खरंच जपून टाकलं, का तिला तसं वाटलं. पिंकी पेंगत होती आणि स्नेहाही. जागेपणाच्या आणि झोपेच्या बांधावर दोघी बसून होत्या, आणि समोरून एक बाई येत होती, जात होती, टोपलं भरत होती. शेवंतीचा शेवटचा वाफा आला तेव्हा मालनबाईंनी त्यांच्याकडे बघून हात वर केला. मग त्या पंचविसाव्यात शिरल्या. त्यांचे पाय एकदम हलके झाले, वयच नसल्यासारखे, आणि धुक्यानं त्यांना आत घेतलं.

पावलांचा आवाज लांब लांब जात राहिला.

"मम्मी," पिंकी शालीतून तोंड बाहेर काढून म्हणाली, "सगळे वाफे संपल्यावर आजी कुठं जाते?"